टिलेमानांचा उंबरठा

१२ एप्रिल, शनिवार. हॅनोव्हर

ही वही ह्यांनी विमानतळावर हातात ठेवली. म्हणाले, "तिकडे ज्याला त्याला सल्ले देत बसण्यापेक्षा यात लिही." बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून, मी लोकांच्या मुलांना वळण लावलं ते सल्ले देऊनच. पण असो. स्वतः काही आले नाहीत. विमानात पाय आखडतात म्हणे. साताऱ्यात क्रिकेट बघताना सात तास आखडत नाहीत.

मी इथे मदतीला आले आहे. हृषिकेश फोनवर म्हणाला होता, "आई, सुकन्याचे हे तीन महिने क्रिटिकल आहेत. तू आलीस तर ओवीचं बघायला कोणीतरी होईल." क्रिटिकल म्हणजे काय ते आल्यावर कळलं. माझी सून आर्किटेक्ट. सहा वर्षं एका मोठ्या कंपनीत गोदामांचे आराखडे काढत होती. जानेवारीत ती नोकरी सोडून ती एका जुन्या घराच्या म्युझियममध्ये लागली. इथे नव्या माणसाला सहा महिने पारखून घेतात, त्याला 'प्रोबेत्साइट' म्हणतात. तो तीस जूनला संपतो. तिथल्या मुख्य बाई, फ्राउ डॉक्टर ब्रिंकमान, त्याआधी ठरवणार, हिला कायम करायचं की नारळ द्यायचा.

"आणि नाही केलं कायम तर?" मी विचारलं.

"तर नाही," सुकन्या म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटायची विसरली.

मला विचाराल तर नारळ दिलेला बरा. हे फक्त इथे लिहिते आहे.

१७ एप्रिल, गुरुवार

चार दिवसांत घराची घडी समजली. सकाळी सातला सगळे बाहेर. संध्याकाळी सातला लाकडी पाटावर पाव, चीज आणि काकडी. याला जेवण म्हणतात. मी आमटी-भात केला की तिघंही ताटात मान घालून जेवतात, आणि जेवून झाल्यावर सुकन्या म्हणते, "आई, तुम्ही कशाला एवढं करता?" कशाला म्हणजे? पुस्तकांच्या कपाटावर बोट फिरवलं तर बोटाला राखाडी मोजा चढतो. दुसऱ्यांच्या साडेचारशे वर्षांच्या घराची धूळ पुसायला ही बाई पन्नास मिनिटं रेल्वेने जाते.  मी फडकं घेऊन तिच्यासमोर कपाट पुसलं.

ओवी दहा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये. मी विचारते, "दूध घेतलंस का?" ती म्हणते, "जा." पहिल्या दिवशी मी खरंच निघून गेले. जा म्हणजे हो, हे नंतर कळलं.

हृषिकेशने आल्याआल्या एक गोष्ट बजावून सांगितली आहे. इथे दारात, रांगोळीत, वहीत, कुठेही स्वस्तिक काढायचं नाही. कारण मलाही ठाऊक आहे, शाळेत इतिहास मीच शिकवायचे. म्हटलं, काळजी करू नकोस, नियम पाळणाऱ्यांपैकी आहे मी.

२६ एप्रिल, शनिवार

आज ते घर पाहिलं. गावाचं नाव मला तीनदा सांगून झालं, पण जिभेला झेपत नाही. मी 'सुकन्याचं गाव' म्हणते.

मोठ्या गल्लीत सगळी घरं लाकडी चौकटींची, थोडी थोडी एकमेकांकडे कललेली. हे एकटंच दगडी. रस्त्याच्या बाजूला पुढे काढलेली एक उभी सज्ज्यासारखी खिडकी, वर पायऱ्यापायऱ्यांचा कळस, जागोजागी कोरलेले चेहरे. दारावर साल १५७१. हे घर बांधणारा टिलेमान नावाचा व्यापारी, धान्याचा आणि कापडाचा. दारावर त्याचं नाव आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरात, त्याच्या बायकोचं नाव, इल्साबे. मी ते दोनदा वाचून घेतलं. साताऱ्याच्या आमच्या पाटीवर फक्त ह्यांचं आहे.

आत जाताना बुटांवर मोठाले नमद्याचे सपाते चढवायचे. मी बूट काढूनच उभी राहिले. काउंटरवरच्या आजोबांनी मला हातवारे करून पुन्हा बूट घालायला लावले आणि त्यावर सपाते. लोकांच्या घरात बूट घालून शिरायचं, आणि त्या बुटांना वर पांघरूण घालायचं. बरं.

आत भलीमोठी ओसरी, दोन मजले उंच. स्वयंपाकघरात कमरेएवढी चूल, तिच्यावर धुराडं. पलंग इतका आखूड की माणसं बसल्या बसल्या झोपत असावीत. आणि माजघराच्या छताच्या तुळयांवर रंगवलेली डाळिंबं आणि वेली. सगळीकडे पाट्या, हात लावू नका. वीस-पंचवीस पर्यटक, आणि त्यांच्या पुढे माझी सून.

खरं सांगते, मी तिला ओळखलंच नाही. हात हलवून बोलत होती. मधेच काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले, तीही हसली, मान मागे टाकून. एका म्हाताऱ्याने काही विचारलं तर तिने गुडघ्यावर बसून जमिनीवरची फरशी दाखवली आणि तिथेच बसून पाच मिनिटं बोलली. आमच्याकडे लग्न होऊन आल्याला बारा वर्षं झाली. हे हसणं आमच्या वाट्याला आलेलं नाही.

मला राग आला. कोणाचा, ते नीट सांगता येत नाही. बहुधा इल्साबेचा.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया. मन फार प्रसन्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमरस नाही, पण डब्यातला आंब्याचा रस होता. तो आणि पुऱ्या घेऊन दुपारी मी एकटीने रेल्वेने सुकन्याच्या गावी गेले. कुठेही चुकले नाही. सुकन्याने मागच्या खोलीत बसून, उभ्याउभ्या म्हणावं इतक्या घाईत, चार पुऱ्या खाल्ल्या. पाचला म्युझियम बंद झालं. ती म्हणाली, "आई, पुढच्या दारापाशी दहाच मिनिटं थांबा. मी खिडक्या बघते, अलार्म लावते आणि मागच्या दाराने बाहेर येते."

गल्लीत कोणी नव्हतं. मी दाराकडे बघत उभी होते. उंबरठा दगडी, मधोमध झिजून खोलगट झालेला. साडेचारशे वर्षं माणसं त्यावरून आली-गेली, आणि एवढ्या वर्षांत त्याला कोणी हळदीचं बोट लावलेलं नाही. आणि आज तृतीया. माझ्याच्याने राहवेना.

पर्समध्ये डबी होतीच. बाटलीतल्या पाण्यात हळद कालवली. दोन्ही कडांना पाच-पाच बोटं ओढली, मध्ये लक्ष्मीची पावलं काढली, वर कुंकू, चार अक्षता. स्वस्तिक काढलं नाही. सवयीने हात वळत होता, पण हृषिकेशचं बोलणं आठवून आवरला. काय सुंदर दिसत होतं! त्या करड्या दगडाला पहिल्यांदा घरपण आलं.

मग हात जोडले आणि या घरच्या लक्ष्मीला म्हटलं, बाई गं, तुझं घर तू सांभाळ. माझी सून मला परत दे.

सुकन्या मागच्या बोळातून आली, आम्ही तिकडूनच स्टेशनला गेलो. तिला काही सांगितलं नाही. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांचा गुण जातो.

१ मे, गुरुवार

कामगार दिनाची सुट्टी. दिवसभर पाऊस. काही विशेष नाही. भजी केली.

२ मे, शुक्रवार

सुकन्या दोन तास उशिरा आली. जेवली नाही. ओवी झोपायला गेल्यावर माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, तुमच्या पर्समध्ये हळदीकुंकवाची डबी असते ना?"

"असते की. तुला हवी आहे का?" मला अगदी बरं वाटलं. बारा वर्षांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग "नको" म्हणाली आणि न्हाणीघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी जपून वापरायचं असं मलाच सांगत असते. दमली असेल.

४ मे, रविवार

आज हृषिकेशने मला समोर बसवलं आणि फोनवर फोटो दाखवला. मी आधी ओळखलंच नाही. पावसाने हळद ओघळून खालच्या दोन्ही पायऱ्यांवर पसरली होती आणि कुंकवाचे लाल ओहोळ थेट रस्त्यापर्यंत. एका गृहस्थांनी सकाळी कुत्र्याला फिरवताना पाहिलं, त्यांना ते रक्त वाटलं, त्यांनी पोलिसांना फोन केला. दाराला लाल-पांढरी पट्टी लागली. गावच्या पेपरात बातमी आली. दगड मऊ जातीचा आहे, रंग आत मुरला आहे.

मी म्हटलं, "अरे, हळद आहे ती! उन्हात उडते. दोन दिवस ऊन लागलं आणि लिंबू चोळलं की..."

"आई, लिंबू नाही! काहीही चोळायचं नाही!" सुकन्या केवढ्यांदा ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "फ्राउ ब्रिंकमाननी मला विचारलं, हे काय असू शकेल? मी म्हटलं, कल्पना नाही. नुकसानीचा फॉर्म मीच भरला. 'कोणी केलं' या रकान्यात 'उनबेकांट' लिहिलं, अज्ञात. आई, प्लीज. हा विषय इथे संपला. कोणाशीही काहीही बोलायचं नाही."

ओवी सोफ्यावर पुस्तक वाचत होती. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

रात्रभर तो शब्द डोक्यात घोळणार. अज्ञात! मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा गावातून मिरवणूक काढली होती लोकांनी. पासष्ट वर्षांत मला कोणी अज्ञात म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्या बाजूने बघितलं तर केवढं मोठं मन! सासूची लाज राखण्यासाठी मुलीने तोंडाला कुलूप लावलं.

१३ मे, मंगळवार

दगडाचा तज्ज्ञ आला आहे, हिल्डेसहाइमहून. सुकन्या सांगत होती. दिवसभर उंबरठ्यापुढे गुडघे टेकून बसतो. कापसाचे बोळे, लहान लहान कुंचले, कसलंसं शुद्ध पाणी. एक-एक बोटभर जागा हलक्या हाताने पुसतो. तीन दिवस हेच. एवढी पूजा मीसुद्धा केली नसती.

२५ मे, रविवार

दुपारी हृषिकेश भांडी पुसत होता, मी त्याला विचारलं, "मी जाऊन त्या बाईंना सगळं सांगितलं तर?"

"आई, अजिबात नाही." त्याने ताट खाली ठेवलं. "आल्झो, म्हणजे असं बघ, नीट ऐक. इथे चूक चालते. माणसं समजून घेतात. लपवलेलं चालत नाही. एकदा विश्वास उडाला की उडाला. आणि प्रोबेत्साइटमध्ये काढायचं तर कारणसुद्धा द्यावं लागत नाही. दोन आठवडे नोटीस, बास."

मी मान हलवली. लपवलेलं चालत नाही. किती खरं! मी हेच चौथीच्या वर्गाला सांगत आले. काच फोडली तर पुढे या, शिक्षा अर्धी होईल. आणि आता मी इथे लपून बसले आहे, आणि माझी सून माझ्या चुकीचं ओझं घेऊन रोज रेल्वेने जाते.

८ जून, रविवार

सुकन्याचे गाल बसले आहेत. काल झोपेत काहीतरी बोलत होती, हृषिकेश म्हणाला. बावीस दिवस उरले. फ्राउ ब्रिंकमान तिच्याशी पूर्वीसारख्याच बोलतात, पण कायम करण्याबद्दल एक अक्षर काढत नाहीत.

आज लिहूनच टाकते. तृतीयेला मी त्या उंबरठ्यावर जे मागितलं, ते मिळण्याची वेळ आली आहे. नोकरी गेली तर सून घरी येईल, पुन्हा गोदामं काढेल, शनिवार-रविवार घरी असेल. मला आनंद व्हायला हवा. काल तिने ताटातला वरणभात तसाच ठेवला, आणि मला तो टाकताना रडू आलं. कोणत्या तोंडाने मी त्या देवीला सांगू की तो अर्ज रद्द समज?

एकच मार्ग आहे. खरं सांगायचं.

२० जून, शुक्रवार

सांगितलं! मन पिसासारखं हलकं झालं आहे. क्रमाने लिहिते.

सुकन्या कसल्याशा परिषदेला दोन दिवस बर्लिनला गेली आहे. हृषिकेश ऑफिसात. ओवी शाळेतून आली तशी तिला म्हटलं, चल, आपल्याला आईच्या म्युझियममध्ये जायचं आहे, तू माझी दुभाषी. माझं इंग्रजी फॉर्म भरण्यापुरतं आहे, त्यात रडता येत नाही. रेल्वेत मी तिला सगळं समजावलं. ती खिडकीबाहेर बघत होती. एकदाच म्हणाली, "आजी, नाइन." म्हणजे नको. मी म्हटलं, "बाळा, खरं बोलायला घाबरायचं नसतं."

उंबरठ्यावरची पट्टी गेली आहे. तज्ज्ञांनी पुसूनही उरलेला पिवळेपणा उन्हाने उडाला, मी म्हटलं होतं तसाच. नीट वाकून पाहिलं तर एका कडेला माझ्या करंगळीचा पुसट ठसा दिसतो, तोही मलाच.

फ्राउ ब्रिंकमान वरच्या खोलीत होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, गळ्यात साखळीला चष्मा. ओवीला ओळखत होत्या. आम्हाला बसवलं. मी बसले नाही. शाळेत पुढे येऊन चूक सांगणारं मूल उभंच राहतं.

मी सगळं सांगितलं. तृतीया म्हणजे काय, उंबरठा म्हणजे काय, मी हळद कशी कालवली, बोटं कशी ओढली. माझ्या सुनेचा त्यात काडीचा संबंध नाही. आणि मग जे मुख्य सांगायचं होतं ते सांगितलं, की त्या मुलीने हळद पाहताक्षणी ओळखली होती, पण सासूची अब्रू जाऊ नये म्हणून तिने फॉर्मवर खोटं लिहिलं, इतकी ती चांगली आहे. हे वाक्य मी तीन दिवस तयार केलं होतं. ते बोलताना मला रडू आवरेना. "सॉरी, व्हेरी सॉरी," असंही मी दोनदा म्हटलं.

दहा मिनिटं तरी बोलले असेन. ओवी माझ्याकडे बघत होती.

"सगळं?" तिने विचारलं. चक्क मराठीत.

"सगळं. एक शब्द गाळू नकोस."

तिने मोठा श्वास घेतला आणि बोलायला लागली. चार वाक्यं बोलली असेल, फार तर पाच. जर्मन भाषा फारच आटोपशीर दिसते. उगाच एवढी अवघड अवघड म्हणतात.

आणि काय सांगू! मी डोळे मिटून ओरडा ऐकायच्या तयारीत होते. फ्राउ ब्रिंकमाननी चष्मा काढला, टेबलाला वळसा घालून आल्या आणि माझे दोन्ही हात हातात धरले. त्यांचेही डोळे भरले होते. काहीतरी विचारलं. ओवीने मान हलवली म्हणून मीही हलवली. मग आम्हाला कॉफी आणि प्लमचा केक. केक खाताना त्यांनी ओवीच्या डोक्यावरून हात फिरवला. एवढी मोठी चूक कबूल केल्यावर आपल्याकडे कोणी केक देईल का? ही माणसं प्रामाणिकपणाला जो मान देतात तो मी आज डोळ्यांनी पाहिला.

निरोपाला त्या स्वतः खाली दारापर्यंत आल्या. मी उंबरठा ओलांडला आणि वळले. त्यांनी आधी उंबरठ्याकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे, कुंकवाकडे. बराच वेळ. मग हसून एक छोटंसं वाक्य बोलल्या.

"काय म्हणाल्या?" मी ओवीला विचारलं.

"सुंदर आहे, म्हणते."

"काय सुंदर आहे?"

ओवीने खांदे उडवले. "वाइस इश निश्ट." म्हणजे ठाऊक नाही.

परतताना रेल्वेत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. ओवी एवढी जवळ कधी येत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी, हे आईला नको सांगू. बाबाला पण नको. प्रॉमिस?" पुन्हा मराठीत! एका दिवसात दोनदा. एवढं चांगलं काम करून त्याचं श्रेय घ्यायला नको, किती हा विनय. मी वचन दिलं. सद्गुण पिढ्या ओलांडून जातात ते असे.

२२ जून, रविवार

सुकन्या बर्लिनहून आली. मी सांगितलं नाही.  ओवी मात्र जेवताना माझ्याकडे सारखी बघत होती, मी तोंड उघडलं की पाण्याचा जग पुढे करायची.

२६ जून, गुरुवार

उंबरठ्याची फाइल बंद झाली. शेवटचा अहवाल फ्राउ ब्रिंकमाननी स्वतः लिहिला. सुकन्या म्हणाली, त्यात लिहिलंय, कुठल्यातरी वनस्पतीचा रंग, दगडाला कायमची इजा नाही, करणारा अज्ञात.

मी चकित झाले. मी एवढं नाव-गाव सांगून आले, तरी त्या बाईंनी माझं नाव कागदावर येऊ दिलं नाही. खरी खानदानी बाई. या वेळी अज्ञात म्हटल्याचं वाईट वाटलं नाही.

"त्यांनी मला काही विचारलंच नाही," सुकन्या म्हणाली. तिच्या कपाळावर आठी होती.

३० जून, सोमवार

परवा माझं विमान. बॅग अर्धी भरून झाली होती, मी स्वयंपाकघरात चिवड्याची पिशवी बांधत होते. ओवी टेबलाशी बसून मंदारिन, म्हणजे छोटं संत्रं, सोलत होती. दार वाजलं आणि सुकन्या बूट न काढता थेट आत आली. या घरात हा गुन्हा आहे. तिच्या हातात एक पाकीट होतं.

"कायम," ती म्हणाली. "मला कायम केलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी देवापुढे साखर ठेवायला वळले, तर तिने माझा दंड धरला.

"आई, तुम्ही फ्राउ ब्रिंकमानना भेटायला गेला होतात?"

मी ओवीकडे पाहिलं. ती मंदारिनच्या एका फोडीवरचे पांढरे धागे काढत होती, एक-एक करून. आता नाही म्हणणं शक्य नव्हतं. "गेले होते," मी म्हटलं. मान ताठ ठेवली. शेवटी सत्याचा उजेड पडतोच.

"त्यांनी आधी स्पष्ट सांगितलं, कायम केलं ते माझं काम बघून. निर्णय मे महिन्यातच झाला होता, फक्त वरून सही यायची होती. मग म्हणाल्या, आता एक खाजगी गोष्ट सांगते." सुकन्याने पाकीट टेबलावर ठेवलं.  "म्हणाल्या, तुमच्या सासूबाई इथे उभ्या राहून रडल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. म्हणाल्या, माझी सून हे घर जसं जपते तसं कोणी जपणार नाही. तिला इथून काढू नका. मला तिचा फार अभिमान वाटतो, पण आमच्यात असं तोंडावर सांगत नाहीत, म्हणून ते तुम्हीच तिला सांगा."



मी दहा मिनिटं बोलले होते. हळद, तृतीया, फॉर्म. लपवलेलं चालत नाही, हृषिकेश म्हणाला होता, आणि मी जाऊन त्या बाईंपुढे काय लपवलं होतं आणि कोणी, ते तपशिलाने उलगडून ठेवलं होतं. गेल्या दहा दिवसांत मला जे कळलं नव्हतं ते एका क्षणात कळलं. दहा वर्षांच्या मुलीने माझ्या तोंडातून शब्द काढून घेतले, खिडकीबाहेर टाकून दिले आणि दुसरे घातले. आणि त्या म्हाताऱ्या बाईंनी उंबरठ्यावरून माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहून बहुधा दोन्ही ऐकले, तिचेही आणि माझेही.

"आई, असं म्हणालात तुम्ही? खरंच?"

ओवीने मंदारिन खाली ठेवलं होतं. आता तीही माझ्याकडे बघत होती. घाबरली होती बिचारी. बत्तीस वर्षं मी खोटं बोलणाऱ्या मुलांना बाकावर उभं केलं. चेहऱ्यावरून ओळखायचे मी. हाच चेहरा असतो.

"हो," मी म्हटलं. "शब्द न् शब्द."

सुकन्या बुटांसकट माझ्या गळ्यात पडली. बारा वर्षांत पहिल्यांदा. चिवड्याची पिशवी आमच्या दोघींच्या मधे चुरली.

या वहीत खोटं लिहायचं नाही, म्हणून लिहून ठेवते. यातलं मी एक अक्षरही बोलले नव्हते. बोलायला हवं होतं, त्या बाईंशी नाही, हिच्याशी. आणि तेही एप्रिलमध्येच.